तोंड कोरडं पडतंय म्हणून निघाले आणि औषधांच्या यादीपाशी येऊन पोचले

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. माझं वय ६८, सगळी नोकरी पोस्टात काउंटरवर गेली, आता जुळे सोलापूरला राहते. गेलं जवळजवळ वर्षभर मी एका अशा त्रासाच्या मागे लागले होते की जो लोकांना सांगितला तर लोक म्हणतात, बास एवढंच? तोंड कोरडं पडणं. आमच्या वयाच्या किती जणांना असतो हा त्रास, सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपमध्येच विचारलं तर निम्म्या बायका हो म्हणाल्या, पण त्यासाठी म्हणून डॉक्टरकडे कुणी गेलेलं नव्हतं. कुठल्या डॉक्टरकडे जायचं हेच कळत नाही हो. दाताच्या, कानाघशाच्या, का शुगरच्या? म्हणून जसं घडलं तसं तारखा आणि खर्चासकट लिहून ठेवते.

सुरुवात २०२४ च्या दिवाळीनंतर झाली. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी गेले तेव्हा जुन्या ऑफिसातले दोघंतिघं भेटले, गप्पा सुरू झाल्या आणि बोलता बोलता माझी जीभ टाळूला चिकटायला लागली, शब्दच सुटेना. पाणी प्यायले, दोन वाक्यं बोलले, परत तेच. काउंटरवर दिवसभर बोलून कधी घसा बसला नव्हता आणि आता पाच मिनिटं बोलणं होईना म्हणून जरा चमकले. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की रात्री दोन-तीनला जाग येते ती जीभ लाकडासारखी झालेली असते म्हणून. कडक भाकरी तर सोडाच, साधी भाकरीसुद्धा तोंडात नुसती फिरत राहायची, घोट घेतल्याशिवाय खाली उतरायची नाही. शेंगा चटणी आपल्याकडे रोजची, ती झोंबायला लागली, तिखटाने नाही तर नुसत्या मिठानेच. ओठांच्या कोपऱ्यात चिरा पडल्या. वरच्या बाजूला माझी चार दातांची काढायची-घालायची प्लेट आहे ती घासायला लागली आणि तिच्याखाली लाल लाल झालं. ह्यांचं म्हणणं थंडीचे दिवस आहेत, होतं असं. सोलापुरात थंडी ती केवढी!

जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी ओसरल्यावर, आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी तोंड उघडायला लावलं, बॅटरी मारली आणि म्हणाले, काकू वय झालं की आता, पाणी जास्त प्या. शुगर आणि थायरॉइड तेवढं तपासून घ्या म्हणाले. लॅबमध्ये दोन्हीचे मिळून ८५० रुपये झाले. एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी शुगर, ५.६ आलं, थायरॉइड व्यवस्थित. शुगर तपासणं बरोबरच आहे बरं का, डायबिटीसमध्ये तोंड कोरडं पडतं आणि ते आधी बघायलाच हवं, पण शुगर नाही म्हटल्यावर पुढे काय ते कुणी सांगेना. शेजारच्या पद्मावती अक्कांपासून आमच्या वन्संपर्यंत सगळ्यांचं एकच, आता वयाला काय औषध.

पाणी जास्त प्या ह्या सल्ल्याचं काय झालं ते सांगते. मी प्यायला लागले. घोटानं जरा बरं वाटायचं, पाच मिनिटांत परत कोरडं. मग अजून पाणी. त्यामुळे रात्री लघवीला उठणं वाढलं, आणि लघवीची घाई व्हायची म्हणून सप्टेंबरपासून मी त्याची एक गोळी आधीच घेत होते. म्हणजे तोंडासाठी पाणी, पाण्यामुळे लघवी, लघवीसाठी गोळी. ती गोळी काय करत होती ते पुढे येईलच. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात मी उशाशी दोन तांबे घेऊन झोपायला लागले होते.

घरगुती उपाय तर विचारू नका. खडीसाखर चघळ, लिंबाची फोड तोंडात धर, चिंचेची गोळी ठेव, आवळा सुपारी, ज्येष्ठमध. समोरच्या एक मावशी तर मिश्री लाव म्हणाल्या, लाळ सुटते म्हणे. तंबाखू नको म्हणून तेवढं टाळलं. खडीसाखरेने बरं वाटायचं म्हणून डबीच पर्समध्ये असायची.

फेब्रुवारीच्या शेवटी धपाटं खाताना खालच्या दाताचा एक तुकडा निघाला. दुखलं नाही, नुसता कट्‌ आवाज झाला. विजापूर रोडवर एक दाताचे डॉक्टर आहेत, तरुण आहेत, त्यांच्याकडे गेले. त्यांनी आरसा तोंडात घातला आणि गालाच्या आतल्या बाजूला तो आरसा चिकटला. चक्क चिकटला, त्यांना ओढून काढावा लागला. ते थांबले आणि म्हणाले, आजी, तोंड कोरडं पडतं का? मला इतकं बरं वाटलं काय सांगू. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी आपणहून विचारलं. त्यांनी ह्यांनाही बोलावून दाखवलं, जिभेखाली लाळेचं तळं साठलेलं असतं एरवी, माझ्या तिथे काहीच नव्हतं, आणि जिभेला भेगा. हिरडीच्या कडेला, दाताच्या मुळाशी काळे काळे पट्टे, ती कीड. वरून ब्रश करूनही ही कीड का लागते तर लाळ नाही म्हणून. माणसाला दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते, तिचं काम नुसतं ओलं ठेवणं नाही, खाल्ल्यानंतर तोंडात जे आम्ल तयार होतं ते ती मारते, दाताला कॅल्शियम परत देते, आणि बुरशीला वाढू देत नाही. ती कमी झाली की कीड, बुरशी, प्लेट घासणं हे सगळं ओळीनं येतं. खडीसाखर आणि लिंबू दोन्ही त्या दिवसापासून बंद करायला लावलं, साखरेने कीड वाढते आणि आंबटाने दाताचा वरचा थर झिजतो, लाळ असलेल्या माणसाला चालून जातं, आपल्याला नाही.

मग ते म्हणाले, घरी जितकी औषधं आहेत ती सगळी पाकिटांसकट पिशवीत घालून आणा. ही पिशवीची गोष्ट मी सगळ्यांना सांगत सुटलेय. दुसऱ्या दिवशी पिशवी नेली. मी आपली पोस्टातली सवय म्हणून एका कागदावर रकाने पाडून लिहिलं, गोळीचं नाव, कुणी दिली, कधीपासून, किती वाजता. लिहितानाच माझं मला दिसायला लागलं. बीपीची गोळी २०१५ पासून, त्यात टेल्मिसार्टनबरोबर हायड्रोक्लोरोथायाझाइड म्हणजे लघवी वाढवणारं औषध. २०२२ मध्ये शिंकांसाठी कानाघशाच्या डॉक्टरांनी लिव्होसिट्रिझिन दिली ती चालूच. २०२३ मध्ये पाठीवर नागीण झाली होती, त्यानंतर जी आग आग व्हायची त्यासाठी रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम. आणि सप्टेंबर २०२४ पासून लघवीच्या घाईसाठी सोलिफेनासिन ५. चार गोळ्या, चार डॉक्टर, चार फायली, आणि चौघांपैकी एकालाही बाकीचे तिघं काय देतायत ते माहीत नाही. डॉक्टरांनी कागदावर चारही नावांपुढे बारीक टिक केली. ह्या चारही तोंड कोरडं करतात म्हणाले, लघवीची आणि नागिणीची सगळ्यात जास्त, त्या लाळेच्या ग्रंथीला जो मेंदूकडून निरोप जातो तोच अडवतात. सप्टेंबरात गोळी सुरू आणि नोव्हेंबरात जीभ चिकटायला लागली, तारखा समोरासमोर होत्या.

पण त्यांनी एकही गोळी बदलली नाही आणि मला पण बजावलं की स्वतःच्या मनाने काही बंद करायचं नाही. आधी लाळ खरंच किती कमी आहे ते मोजून घेऊ आणि दुसरा काही आजार नाही ना ते बघू, असं म्हणून त्यांनी चिठ्ठी दिली. पुणे रोडला केगावकडे डेंटल कॉलेज आहे, तिथल्या ओरल मेडिसिन म्हणजे तोंडाच्या आजारांच्या विभागात. फी त्यांनी ३०० घेतली.

जुळे सोलापूरहून केगाव म्हणजे सगळं गाव ओलांडून जायचं, रिक्षाने जायचे २५० घेतले. पहिल्या दिवशी केसपेपर, रांग, आणि एक शिकाऊ मुलगी सगळी हिस्ट्री लिहून घेणार, ती झाल्यावर तिच्या सीनियरला परत तेच सगळं सांगायचं, मग मोठ्या डॉक्टर मॅडम येणार. वेळ जातो, डबा घेऊन जा. पण त्यांच्याकडे वेळ आहे आणि त्या विचारतात, हे मला आवडलं. डोळे कोरडे पडतात का, वाळू गेल्यासारखं होतं का, सांधे दुखतात का, कानाखाली गाल सुजतात का, कधी रेडिएशन झालंय का. टेस्टसाठी १२ मार्च, बुधवार, सकाळी साडेनऊची वेळ दिली. आधी दीड तास काही खायचं-प्यायचं नाही, ब्रश नाही, चूळ पण नाही. होळीच्या आदल्या दिवशीची तारीख, घरी पुरणाची तयारी अर्धी टाकून गेले.

टेस्ट काय असते ते नीट लिहिते कारण मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मी उगीच सुई-बिईची भीती घेऊन बसले होते. काहीच नसतं. खुर्चीवर सरळ बसवतात, मान थोडी खाली, हातात आकडे असलेला छोटा प्लास्टिकचा कप. एकदा गिळून घ्यायचं आणि मग १५ मिनिटं गिळायचं नाही, बोलायचं नाही, जीभ हलवायची नाही, जी लाळ येईल ती ओठावरून कपात पडू द्यायची. नातवाच्या वयाची पोरं आजूबाजूला आणि मी मान खाली घालून लाळ गाळत बसलेली, मला इतकं ओशाळं वाटत होतं. पदर पुढे धरला तर ती मुलगी म्हणाली, आजी मला कप दिसू दे. १५ मिनिटांत ०.९ मिली जमली. म्हणजे मिनिटाला ०.०६. मिनिटाला ०.१ च्या खाली गेली की लाळ कमी आहे असं धरतात, म्हणजे १५ मिनिटांत निदान दीड मिली तरी यायला हवी होती.

मग त्यांनी मेणाचा तुकडा चावायला दिला, आणि पाच मिनिटं चावत चावत लाळ कपात टाकायची. ह्यात ४ मिली आली! मिनिटाला ०.८. मॅडम म्हणाल्या हे चांगलं लक्षण आहे, चावल्यावर ०.७ च्या वर येतेय म्हणजे ग्रंथी मेलेल्या नाहीत, काम करायला तयार आहेत, त्यांना कुणीतरी अडवतंय. ज्यांच्या ग्रंथीच खराब झाल्यात, रेडिएशनने वगैरे, त्यांची चावूनही फारशी येत नाही. मी घरी येताना रिक्षात हेच घोकत होते, मेलेल्या नाहीत.

प्लेटखाली आणि ओठांच्या कोपऱ्यात जे लाल होतं ती बुरशी निघाली. क्लोट्रिमाझोलचा माउथ पेंट दिला, दिवसातून चारदा, खाल्ल्यानंतर बोटाने लावायचा, प्लेट काढून. आणि प्लेट रात्री काढून धुऊन पाण्यात ठेवायची, घालून झोपायचं नाहीच. दोन आठवड्यांत कोपऱ्याच्या चिरा भरल्या.

आता ज्या भागात माझी झोप उडाली तो. मॅडमनी सांगितलं की गोळ्या हे कारण दिसतंय पण या वयात बाईमाणूस असल्यावर शोग्रेन नावाचा आजार नाही ना हे बघितलं पाहिजे. नाव मी कागदावर लिहून घेतलं, घरी येऊन मोबाईलवर टाकलं आणि मग काय. शरीराची प्रतिकारशक्तीच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर हल्ला करते, बायकांमध्ये पुरुषांच्या कितीतरी पट जास्त, चाळिशी-पन्नाशीनंतर. स्वीडनच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी १९३३ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला, त्यांचंच नाव आजाराला आहे. तिथपर्यंत वाचलं ते ठीक, पुढे पुढे जे जे लिहिलेलं असतं ते रात्री अकरानंतर वाचू नये एवढं सांगते.

आधी डोळ्याच्या डॉक्टरांकडे शर्मर टेस्ट झाली. खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवतात, डोळे मिटून पाच मिनिटं बसायचं, पट्टी किती मिलिमीटर ओली झाली ते बघतात. पाच किंवा कमी आली तर काळजी. माझी १३ आणि ११. फी टेस्टसकट ५००. मग प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटलीय का ते बघणाऱ्या रक्ताच्या टेस्ट, एएनए ९०० आणि एसएसए-एसएसबी २८००. सॅम्पल मुंबईला जातं म्हणे, चार दिवस सांगितले होते पण मध्ये पाडव्याचा शनिवार-रविवार आल्यामुळे बरेच लांबले. लॅबमध्ये पैसे भरतानाच विचारून घ्या की रिपोर्ट व्हॉट्सॲपवर येणार का स्वतः जाऊन आणायचा. मी रोज फोन करायचे. गुढी उभारली, श्रीखंड केलं, खाताना लक्ष सगळं फोनकडे. सुनेला म्हणलं काही नाही गं, तिला कळत होतं.

रिपोर्ट आला तो आणखी घोळ घालणारा. एसएसए, एसएसबी निगेटिव्ह, पण एएनए ‘वीकली पॉझिटिव्ह’, १:१००. म्हणजे आहे का नाही? लॅबवाला सांगेना, त्याने सांगायचंही नसतं. संधिवाताचे एक डॉक्टर पुण्याहून महिन्यातून एकदा आमच्याकडे एका हॉस्पिटलात येतात, त्यांचा नंबर लावला तर २६ एप्रिलचा शनिवार मिळाला. तोपर्यंत जे दिवस काढले ते काढले. मुलगा म्हणत होता पुण्याला ये, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने ये आणि संध्याकाळच्याने परत जा, पण एप्रिलातलं ऊन, चाळीस-बेचाळीस तर आमच्याकडे नेहमीचंच, आणि मला घोट घोट पाणी आणि दर तासाला बाथरूम, नको म्हणलं.

त्या डॉक्टरांची फी १०००. त्यांनी रिपोर्ट बघितले, डोळे-सांधे-गाल बघितले, लाळेचे दोन्ही आकडे बघितले आणि म्हणाले शोग्रेन वाटत नाही. वय वाढतं तसं इतकी हलकी एएनए काहीही आजार नसलेल्या लोकांतही येते. अगदी शंका असती तर खालच्या ओठाच्या आतून छोटा छेद देऊन तिथल्या बारीक ग्रंथी तपासायला पाठवतात, तुम्हाला आता त्याची गरज नाही. मी पायलोकार्पिनबद्दल विचारलं, मोबाईलवर वाचलं होतं की त्या गोळीने लाळ सुटते. ते हसले, म्हणाले सुटते, पण घाम पण सुटतो, सोलापूरच्या मे महिन्यात घेऊन बघायची आहे का? दम्याच्या आणि काही काचबिंदूवाल्या लोकांना तर ती देतच नाहीत. आधी अडवणाऱ्या गोळ्या कमी करा, मग लागली तर बघू. आणि माझा तो रकान्यांचा कागद मागून घेतला, त्यावर स्वतःच्या हाताने ‘कृपया औषधांचा एकत्रित आढावा घ्यावा’ असं फिजिशियनसाठी लिहून दिलं. त्या एका ओळीचा मला फार उपयोग झाला. आपण तोंडी सांगितलं की डॉक्टरांना वाटतं हे गूगल करून आलेत.

मेच्या पहिल्या आठवड्यात फिजिशियनकडे. हे मोठ्या दवाखान्यात बसतात, नंबर ४० च्या पुढे असतो, म्हणून मी रिसेप्शनला आधीच सांगितलं की मला शेवटी बोलवा पण वेळ द्या. हे जमतं बहुतेक ठिकाणी, सांगून बघा. त्यांनी शांतपणे बघितलं आणि एक नियम घातला की एका वेळी एकच गोळी हलवायची, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल. आधी लिव्होसिट्रिझिन बंद, शिंका आल्याच तर नाकातला स्प्रे. इतकी वर्षं घेतल्यावर बंद केली की अंगाला खाज सुटू शकते हे त्यांनी आधी सांगितलं होतं म्हणून बरं, मला खरंच काही दिवस खाज आली आणि गेली. नंतर अमिट्रिप्टिलिन, ती एकदम नाही, अर्धी गोळी करत करत. नागिणीची आग केव्हाच गेली होती, गोळी मात्र राहिली होती. झोप थोडी बिघडली जूनमध्ये. बीपीची गोळी तशीच ठेवली. आणि लघवीच्या गोळीसाठी मूळ डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी सोलिफेनासिनच्या जागी मिराबेग्रॉन २५ सुरू केली, ही वेगळ्या रस्त्याने काम करते म्हणून तोंड तितकं कोरडं करत नाही. पण ती महाग आहे आणि बीपी वाढू शकतं म्हणून घरी बीपी लिहून ठेवावं लागतं. मला जमली, माझ्या मैत्रिणीला नाही जमली, तिचं बीपी चढलं. तेव्हा माझं वाचून मेडिकलमध्ये जाऊन मागू नका.

पैशाचं एकत्रच सांगते. मला पेन्शनमध्ये महिन्याला १००० रुपये फिक्स्ड मेडिकल अलाउन्स येतो, ओपीडीचं सगळं त्यातच भागवायचं असतं, भागत नाही. ह्यांचं ७० वर्षांवरच्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढलंय, माझं वय अजून बसत नाही, पण बसलं असतं तरी इथे चाललं नसतं, ते कार्ड ॲडमिट झाल्यावर चालतं, तपासण्या-ओपीडीला नाही. हे नीट माहीत असावं, मला दोघातिघांनी ‘कार्ड दाखव की’ म्हणून सांगितलं होतं. इन्कम टॅक्समध्ये मात्र थोडं आहे, साठीच्या पुढे असाल, मेडिक्लेम नसेल आणि जुन्या पद्धतीने रिटर्न भरत असाल तर ८०डी कलमाखाली (२०२५ च्या खर्चासाठी हेच कलम होतं) ५०,००० पर्यंत औषध-तपासणीचा खर्च दाखवता येतो, पण रोख दिलेला चालत नाही. म्हणून मी रिक्षा सोडून सगळीकडे फोनवरून पैसे दिले आणि बिल मागून घेतलं. केगावला कॉलेजात मात्र फार कमी पैसे लागले, बाहेरच्या मानाने काहीच नाही.

दरम्यान विजापूर रोडच्या डॉक्टरांनी मुळाजवळच्या कीड लागलेल्या जागा भरल्या, दाताला ९०० प्रमाणे, आणि सगळ्या दातांना फ्लोराइड वार्निश लावलं १२०० ला. ते दर तीन महिन्यांनी लावायचं. लावल्यावर दात पिवळट दिसतात त्या दिवशी, घाबरायचं नाही, आणि त्या दिवशी कडक, गरम काही खायचं नाही.

औषधं बदलून फरक पडेपर्यंत मे-जून कसे काढले ते सांगते. सगळ्यात उपयोगी पडलं ते चघळणं, कारण माझ्या ग्रंथी चावल्यावर काम करतात हे कपात दिसलं होतं. बिनसाखरेचं, झायलिटॉलचं च्युइंगगम सोलापुरात दुकानात पटकन मिळेना, मुलाने ऑनलाइन पाठवलं. प्लेटला चिकटतं म्हणून प्लेट काढून, जेवणानंतर दहा मिनिटं. (घरात कुत्रं असेल तर ते गम त्याच्या तोंडाला लागू देऊ नका, झायलिटॉल कुत्र्यांना विषारी असतं.) गम नसेल तर साधी बडीशेप, साखरेचं कोटिंग असलेली रंगीत नाही. रात्रीसाठी कृत्रिम लाळेचं औषध मिळतं, कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचं, घट्टसर असतं, पाण्यासारखं लगेच जात नाही. पहिल्या दोन मेडिकलवाल्यांनी असं काही नसतंच म्हणून सांगितलं, तिसऱ्याने दोन दिवसांत मागवून दिलं, पावणेदोनशे रुपये. चव काही खास नाही. ते झोपताना थोडं जिभेवर आणि गालांना आतून लावलं की तीन वाजेपर्यंत तरी जाग येत नाही. पाणी गटागटा प्यायचं सोडलं, घोट घ्यायचा, तोंडात फिरवायचा, मग गिळायचा, संध्याकाळी सातनंतर कमी. चहा पाचवरून दोन कपांवर आणला, तो मला सगळ्यात जड गेला. पंख्याचं तोंड फिरवलं. अल्कोहोलवालं माउथवॉश टाकून दिलं, त्याने आणखी कोरडं होतं. आणि कडक भाकरी? ती आमटीत कुस्करून दहा मिनिटं ठेवायची, शेंगा चटणी दह्यात कालवून. आमच्या सासूबाई शेवटी शेवटी असंच खायच्या, तेव्हा आम्हाला वाटायचं दात नाहीत म्हणून.

जुलै उजाडेपर्यंत मला स्वतःला नीट सांगता येत नव्हतं की फरक आहे का नाही. फोनवर बहिणीशी अर्धा तास बोलले आणि मध्ये पाणी मागितलं नाही, ते तिनेच सांगितलं. सप्टेंबरमध्ये केगावला परत मोजलं, मुद्दाम सकाळी साडेनऊलाच, कारण लाळ दिवसभरात कमीजास्त होते, वेळ बदलली तर आकडे जुळवता येत नाहीत. ह्यावेळी १५ मिनिटांत २ मिली. मिनिटाला ०.१३. चांगली भरपूर म्हणावी अशी नाही, पण ०.१ च्या वर. ह्यावेळी पदर पुढे धरला नाही, उलट शेजारी एक आजोबा कप घेऊन बसले होते, पार्किन्सनच्या गोळ्या चालू असलेले, त्यांना मी सांगत होते मान अजून थोडी खाली घाला म्हणून, तर ती मुलगी म्हणाली आजी तुम्ही बोलू नका, तुमची टेस्ट चालूय.

अजूनही पर्समध्ये बाटली असते. लग्नाच्या जेवणात बुंदीचा लाडू आणि सुकी भाजी एकत्र वाढली की मी वरण येईपर्यंत थांबते. रात्री एकदा जाग येतेच. बीपीच्या गोळीतलं लघवीचं औषध बदलायचं का ते थंडीत बघू म्हणालेत फिजिशियन. डिसेंबरात परत वार्निश आहे आणि त्याच दिवशी तो धपाट्याने तुटलेला दात आहे त्याच्या कॅपचं माप द्यायचंय. साडेतीन हजार सांगितलेत, मी तीन म्हणाले, बघू काय करतात.